पेंटरला कुणी विचारलं नाही

तुळशीरामदादा गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, मिलिंदने केला, तेव्हा मी परभणीच्या घरी मेथी निवडत होते. "दुपारी जेवले, आडवे झाले... आन् उठलेच न्हाईत, आत्या," एवढंच तो म्हणाला. रडू आलं, पण त्यात हळहळ फारशी नव्हती. ऐंशी ओलांडलेला माणूस, पंगतीतून तृप्त होऊन उठावं तसा गेला.

पूर्णा जंक्शनवर मी तिकीट खिडकीत आणि ते रेल्वेचे पेंटर; आमचं दादा-ताईचं नातं तिथलंच. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर काळी अक्षरं काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर वस्तीतल्या नव्या विहाराच्या भिंतीवर बुद्ध काढायचं काम लोकांनी हौसेने त्यांना दिलं. दोन महिने खपून त्यांनी तो काढला. चिवराची घडी न् घडी अशी, की हात लावून पाहावी. सगळी वस्ती बघायला लोटली. आणि दुसऱ्या दिवशी दादांनी त्यावर पांढरा रंग फासला!

एकच कालवा झाला. उद्घाटन तोंडावर आलेलं. मी तर तावातावाने भांडायलाच गेले. ते शिडीच्या पायरीवर बसून निवांत चहा पीत होते.

"ताई, काल किती लोक आले ते तुमी बगितलंत. हात किती जणांनी जोडले?"

मी आठवू लागले...

"सगळे म्हणायले, काय पेंटर हाय! म्हंजी भिंतीवर मीच बसलो की. मला लय गोड बी वाटलं. म्हणून तर पुसलं."

उद्घाटन पुढे गेलं. या वेळी ते रोज थोडंच काढत. रंग लावण्यापेक्षा भिंतीसमोर बसण्यातच त्यांचा वेळ जाई. घड्या गेल्या, डोक्यामागचं सोनेरी वलय गेलं. उरला एक साधा, कुणाचं तरी ऐकत बसल्यासारखा चेहरा. कार्यक्रमाच्या दिवशी वंदना संपली तरी लोक उठेनात. चित्राबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एका म्हातारीने तर दारात उभ्या दादांनाच बाजूला सारलं, "सरका की जरा, दिसंना मला." दादा माझ्याकडे बघून हसले... "जमलं बगा, ताई."

परवा पूर्णेला गेले. मिलिंदने घराला नवा रंग दिलाय. आतल्या खोलीची चौकट मात्र एका बाजूने तशीच ठेवलीय. काम आटोपलं की दादा कुंचल्यावर उरलेला रंग तिथे पुसायचे. पिवळा, काळा, भगवा... वर्षानुवर्षांचे थर बोटभर जाड झालेत. रंगारी ते खरवडायला निघाला होता, मिलिंदने थांबवलं. मी हात फिरवला. सगळ्यात वरचा, त्यांनी शेवटचा पुसलेला निळा थर नखाला अजून मऊ लागला.