पहिली तपासणी

मुलुंडच्या त्या लॅबमध्ये मी एकदाच गेलो, पण तिथल्या टेक्निशियन बाई अजून डोळ्यांसमोर आहेत. पन्नाशीच्या असतील. हातात ग्लोव्हज, म्हणून घसरलेला चष्मा मनगटाने वर सारायच्या.

लग्नाला सहा वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं. माझ्या वीर्याची ही पहिलीच तपासणी, आणि रिपोर्ट वाईट आला.

"मशीन चुकलं असेल. परत करा," मी आवाज चढवला.

बाईंनी वाद घातला नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली. मायक्रोस्कोपखालचा व्हिडिओ होता. प्रत्येक शुक्रजंतू जाईल तिथे कॉम्प्युटर त्याच्यामागे रंगीत रेघ ओढत होता. थोडे जागच्या जागी गोल फिरत होते, बाकीचे हलतही नव्हते.

"मी डोळ्यांनीपण मोजलेत," त्या म्हणाल्या. "मिसेसच्या तपासण्या झाल्या?"

"सगळ्या. दोनदा."

"काय निघालं?"

"काहीच नाही. म्हणून तर परत केल्या."

त्यांनी चष्मा वर सारला. "म्हणजे तिचं चांगलं आलं तरी परत, आणि तुमचं वाईट आलं तरी परत."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मला त्यांचा भयंकर राग आला.

घाटकोपरला घरी पोचलो तर आईने दारातच विचारलं. "रिपोर्ट नॉर्मल आहे," मी म्हणालो.

"मला माहीतच होतं," आई बायकोकडे बघत म्हणाली.

लॅबमध्ये नाव बायकोनेच नोंदवलं होतं, स्वतःचा नंबर देऊन. रिपोर्ट तिच्या मोबाइलवर कधीच आला होता. तिने माझं पान वाढलं.