फळीवरून पाहिलेलं विवर

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी एकोणीस वर्षांची होते. पाठीच्या मणक्याला क्षय झाला म्हणून डॉक्टरांनी नऊ महिने उताणं पडून राहायला सांगितलं. कुंडलच्या आमच्या घरात माणसांचा सतत राबता, म्हणून वडिलांनी मला साताऱ्याला मावशीकडे आणून ठेवलं. पलंगावर गादीऐवजी फळी, तिच्यावर घडी घातलेली चादर. मान वळवायची मुभा होती. उठून बसायची नव्हती.

खोलीच्या दक्षिणेच्या खिडकीतून शेजारच्या भिंतीच्या वर हातभर आभाळ दिसायचं, तेवढंच. मावशी अंग पुसून द्यायची, वेणी घालायची, लघवीला भांडं द्यायची. तिनं एकदाही कुरकुर केली नाही, आणि त्यामुळेच तहान लागली तरी मला पाणी मागवेना. पाणी प्यायलं की पुन्हा भांडं मागावं लागे.

आजारपणाआधी सांगलीच्या एका घरी माझं लग्न ठरून सुपारी फुटली होती. सहाव्या महिन्यात एका दुपारी वडील आले आणि बाहेरच्या खोलीत मावशीशी हळू आवाजात बोलू लागले. पडून असलेल्या माणसाला ऐकू कमी येतं असं सगळ्यांना वाटतं.

"त्यांनी मोडलं," वडील म्हणाले. "मणक्याचं दुखणं म्हणल्यावर कोण थांबंल? पोरीला इतक्यात सांगू नगा."

मग ते आत आले. "बरी हाईस न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. कूस बदलून भिंतीकडे तोंड करावं म्हटलं तर तेही करता येत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत राहिलं आणि वडील पंख्याकडे बघत बसले.

मागच्या खोलीत भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर भाड्यानं राहायचे. ते एकदा वर्तमानपत्र परत द्यायला आले, तेव्हा मी विचारलं, "अष्टमी-नवमीच्या चंद्राची खालची कड कुरतडल्यासारखी का दिसते?"

सर थबकले. "नुसत्या डोळ्यांनी दिसलं तुला?"

"दुसरं बघायला काय आहे?"

सरांनी स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवली होती. पुढच्या नवमीला तिन्हीसांजेलाच ते काकांना म्हणाले की हिला अंगणात आणता आलं तर दाखवतो. काका म्हणजे मावशीचे यजमान, तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गल्लीतले आणखी दोन माजी सैनिक बोलावले. पलंग दारातून निघेना, म्हणून फळीच उचलायची ठरली.

मावशी दारात आडवी उभी राहिली. "आवं, जित्या माणसाला असं चौघांनी उचलून न्हेत्यात व्हय?"

"खांद्यावर कुठं घेतोय? हातावर न्हेतोय," काका म्हणाले.

"मग डोकं फुडं घ्या. पाय फुडं काढू नगा."

चौघांनी मला फळीसकट अलगद फिरवलं. "कदम मिलाके," काका म्हणाले, आणि सहा महिन्यांनी मी उंबऱ्याबाहेर आले. वाऱ्यानं मला आधी थंडीच वाजली. फळी दोन टेबलांवर टेकवली. दुर्बिणीची काच नळीच्या बाजूला होती, त्यामुळे नुसती मान वळवून तिला डोळा लावता आला.

प्रतिमा उलटी होती. उजेड-अंधाराच्या सीमेवर एक अफाट गोल खड्डा. कडा उन्हात पांढऱ्याशुभ्र, तळ अर्धा काळा, आणि तळावर लहान खड्ड्यांची वाकडी ओळ, मोठ्यापासून बारीक होत गेलेली.

"क्लॅव्हियस," सर म्हणाले. "सव्वादोनशे किलोमीटर रुंद. साताऱ्याहून सोलापूर गाठशील एवढं. सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वी मोठा दगड आदळला, त्याचं हे विवर."

"मधोमध उभं राहिलं तर कडा दिसतील?"

"जेमतेम. चंद्र लहान, त्याची गोलाई जास्त. मोकळ्या माळावर आहोत असंच वाटेल."

मला ते आवडलं नाही. खड्ड्यात आहोत हेच कळलं नाही तर बाहेर पडायचं तरी कसं सुचणार? मी डोळा काचेलाच लावून ठेवला आणि म्हणाले, "मावशी, लग्न मोडलं ते मला ठाऊक आहे."

मग मावशीनं विचारलं, "कवापासनं?"

"बाबा आले होते त्या दिवसापासून."

"मग मोठ्यानं रडली का न्हाईस?" काका म्हणाले. "आमी काय परकं हाय?"

त्यांनी मला पुन्हा त्याच खोलीत नेऊन ठेवलं. त्या रात्री मी मावशीकडे दोनदा पाणी मागितलं.

आणखी तीन महिन्यांनी मी उठले. कमरेला पट्टा बांधून कुंडलला आले, तर तिथं वेगळंच सुरू झालं. बायका बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "जरा चालून दाव बाय." मी चालून दाखवायची. पुढं एक स्थळ आलं. त्यांनी मला भरलेली घागर उचलायला लावली. मी ती उचलली, ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन दाराला कडी घातली.

संध्याकाळी वडिलांना म्हणाले, "सांगलीला जाऊन राहिलेलं कॉलेज पुरं करते."

त्यांनी माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. "एसटीत धक्के लय बसत्यात."

"बसू देत."

सकाळी ते थांब्यापर्यंत आले, मला चढवलं आणि कंडक्टरला मोठ्यानं सांगितलं, "पाठीचं दुखणं हाय, जरा सांभाळून न्या." अख्खी गाडी माझ्याकडे बघू लागली.

पुढची दोन वर्षं मी त्याच गाडीनं गेले. कंडक्टर ते कधी विसरला नाही. रोज कुणाला तरी उठवून मला जागा करून द्यायचा, आणि मी मान खाली घालून बसायची.