टपालवालीचा नकाशा

लव्हीटा उनरूला रस्ता दाखवणारं यंत्र विकत घ्यावं लागणार, ही बातमी कॅन्ससमधल्या लुस्टर गावात आधी विनोद म्हणून पसरली. आणि का पसरू नये? पाच वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं तिनं आसपासच्या शेतवस्त्यांवर टपाल वाटलं होतं. रोज चौऱ्याण्णव मैल. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आणि पत्रपेट्या रस्त्याच्या उजवीकडे, म्हणून ती दोन सीटांच्या मधोमध बसायची. डावा पाय लांब करून पेडलवर, डावा हात स्टिअरिंगवर आणि उजवा हात खिडकीतून बाहेर. त्या बैठकीनं तिची कंबर कायमची एका बाजूला कलली. पण कुठल्या वळणावर गहू उंच झाला की समोरचं दिसत नाही, कुठल्या घरात भावाभावांचं बोलणं बंद आहे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. आणि आता म्हणे ही बाई रस्ता चुकली!

चुकली होती, हे खरं. गेल्या मे महिन्यात.

टपालाच्या नोकरीत असल्यापासूनच ती वादळं बघायला जायची. वसंत आला की कॅन्ससमध्ये दुपारी चारच्या सुमाराला आभाळ उकळायला लागतं. ढग कुठे फिरतोय, त्याची सोंड जमिनीला टेकली का, हे डोळ्यांनी बघून रेडिओवर कळवणारी माणसं जिल्ह्याला लागतात. लव्हीटा त्यांतलीच एक. पगार नाही, पेट्रोल स्वतःचं. त्या वर्षी या निरीक्षकांच्या पथकावर ट्रेंट वीबे नावाचा नवा प्रमुख आला. चौतिशीचा, हुशार, दाढी नीट कोरलेली. त्यानं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, की कागदी नकाशे घरी ठेवा, सगळ्यांनी फोनवरचा नकाशा वापरायचा.

लव्हीटानं ऐकलं. मे महिन्यातल्या त्या दिवशी वादळ शेजारच्या जिल्ह्यात गेलं आणि तीही त्याच्यामागे गेली. तिथले रस्ते तिच्या वाटपातले नव्हते. फोन म्हणाला सरळ जा. मग ढगाखाली नेटवर्क गेलं आणि नकाशाच्या जागी राखाडी पाटी उरली, मधोमध एक निळा ठिपका. सरळ गेलेला रस्ता एका ओढ्याशी संपला. पूल सहा वर्षांपूर्वीच वाहून गेला होता. गाडी मागे घेताना चाकं ओल्या चिकणमातीत रुतली आणि वर टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा सुरू झाल्या. पुढची काच गेली, दोन्ही आरसे गेले. शेवटी एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरनं ओढून काढलं, आणि ओढण्याआधी फोटो काढला. तो फोटो गावच्या साप्ताहिकात आला.

आठवड्याभरानं ट्रेंट घरी आला. लव्हीटाचा नवरा ऑर्लिन ओट्याशी बीरॉक करत होता. कोबी आणि खिमा भरलेले पाव त्याच्या हातचे गावात नावाजलेले. ट्रेंटनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मिसेस उनरू, तुम्ही पुष्कळ केलंत या जिल्ह्यासाठी."

"म्हणजे आता काढून टाकतोयस," लव्हीटा म्हणाली.

"काढून नाही हो. तुम्ही घरच्या ओसरीवरून बघा ना. तिथूनही दिसतं. मला तुमची काळजी वाटते."

"ओसरीवरून मला शेजाऱ्याचं कोठार दिसतं. त्याच्यावर कधी नजर ठेवायची वेळ आली तर सांगेन तुला."

"तुम्ही सदुसष्ट वर्षांच्या आहात."

"आणि तू चौतीसचा. तुझ्या जन्माच्या अभिनंदनाची कार्डं मी आणून टाकली तुझ्या दारात. तुमच्या कुत्र्यानं मला दोनदा फाडलंय. तुझा फोन मला ओढ्यात घालतो आणि म्हातारी मी?"

ट्रेंटचे कान लाल झाले. "फोनचं जाऊ दे. यादीतून नाव काढलंय मी. नियम आहे."

"कुठला नियम?"

ऑर्लिननं त्याच्यापुढे गरम बीरॉक ठेवला, आणि बिचाऱ्यानं तो मुकाट्यानं खाल्ला. तो गेल्यावर लव्हीटानं त्याची बशी धुवायला घेतली. तिला ट्रेंटपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं स्वतःचे डोळे बाजूला ठेवले होते.

"ऑर्लिन, उद्या विचिटाला जायचं."

"कशाला?"

"नेटवर्क गेलं तरी ज्याला रस्ता दिसतो असं काहीतरी आणायला."

विचिटातल्या दुकानातला विक्रेता पंचेचाळिशीचा, गळ्यात ओळखपत्र. तो बोलायचा ऑर्लिनशी. "सर, तुम्हाला कशासाठी हवंय?"

"मला काय विचारता?" ऑर्लिन म्हणाला. "मी फक्त जेवायला आलोय गावात."

मग नाइलाजानं तो लव्हीटाकडे वळला. "मॅडम, खरं सांगू? हल्ली वेगळं यंत्र कुणी घेत नाही. फोन पुरतो."

लव्हीटानं पर्समधून फोन काढला, त्याचं नेटवर्क बंद केलं आणि काउंटरवर ठेवला. "आता यात मला टॉली गावाचा रस्ता दाखव."

विक्रेत्यानं बोटं फिरवली. राखाडी पाटी.

"मी जिथं जाते तिथं हा असाच असतो. ज्याच्या पोटात सगळा नकाशा आधीच भरलेला आहे असं दाखव."

त्यानं तीन यंत्रं काढली. लव्हीटानं ती उचलली आणि दाराकडे निघाली.

"मॅडम, बाहेर नेता येत नाही!"

"मग तूही चल बाहेर. मी काय दिव्याखाली गाडी चालवते?"

तो खरंच आला. भर दुपारच्या उन्हात तिनं तिन्ही यंत्रं गाडीत लावून बघितली. पहिलं स्वस्त, चपटं. उन्हात त्याचा पडदा आरशासारखा झाला, त्यात तिला स्वतःची हनुवटी तेवढी दिसली. दुसरं ट्रकवाल्यांचं. पडदा झकास, पण अर्धी काच झाकून टाकणारा. "मी आभाळ बघायला निघते रे," ती म्हणाली, "टीव्ही बघायला नाही." तिसरं जाड, कुरूप, रबरी कडांचं. बटणं एवढी मोठी की हातमोजे घालून दाबता यावीत. त्यात डांबरी रस्ता जाड रेघेत, खडीचा बारीक रेघेत आणि मातीचा तुटक रेघेत दिसत होता. आपण नेमके कुठे आहोत ते अक्षांश-रेखांशांत सतत कोपऱ्यात. आणि मुख्य म्हणजे त्यावर हव्या तेवढ्या खुणा स्वतःच्या हातानं टाकता येत होत्या.

"याचं तोंड बंद करता येतं का?" तिनं विचारलं.

"आवाज? हो. पण मग वळणं कोण सांगणार?"

"माझ्या एका कानात रेडिओ असतो आणि दुसऱ्या कानानं मला गारा ऐकायच्या असतात. तिसरा कान नाही मला."

विक्रेता आता हसायला लागला होता. "हे मॅडम शिकारी लोक नेतात."

"मग बरोबर दुकानात आले," लव्हीटा म्हणाली, आणि यंत्र काचेवर न लावता खाली, एसीच्या झडपेशी, त्याच्याकडूनच बसवून घेतलं.

घरी पोचताच तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे तो वाहून गेलेला पूल शोधला. यंत्रात पूल धडधाकट उभा होता!

"बघ!" ती ओरडली. "हेही खोटारडं!"

"परत करू या?" ऑर्लिन म्हणाला.

"परत कशाला? याला शिकवू."

त्या हिवाळ्यात दोघं म्हातारा-म्हातारी आठवड्यातले तीन दिवस बाहेर असायची. ऑर्लिन चालवायचा, लव्हीटा खुणा टाकायची. स्वतःचा जिल्हा झाल्यावर शेजारचे दोन. मोडका पूल म्हणजे लाल खूण. पाऊस पडला की साबण होणारी चिकणमाती म्हणजे पिवळी. कुंपण घालून शेतकऱ्यानं गिळलेला रस्ता म्हणजे काळी. गाडी लपवायला भक्कम आडोसा असेल तिथे हिरवी. तिच्या जुन्या वाटपातलं तिला पाठच होतं, तरी तिनं तेही सोडलं नाही. वाटेत लोक विचारायचे, काय हरवलंय? ती म्हणायची, काही नाही, सापडलेलं लिहून ठेवतेय. मार्च संपता संपता चारशेवर खुणा झाल्या. ऑर्लिनची पाठ धरली. तो कुरकुरला, पण एकही दिवस चुकवला नाही.

अठरा मे. दुपारी साडेचारला पश्चिमेकडे फुलकोबीसारखा ढग चढला, तशी लव्हीटा निघाली. यादीत नाव नव्हतंच. ऑर्लिननं थर्मास दिला आणि एवढंच म्हणाला, "तोंड गाडीचं पळायच्या वाटेकडे ठेव."

ती टॉलीच्या वायव्येला चार मैलांवर एका चढावर थांबली. टॉली म्हणजे साठ-सत्तर घरं, एक चर्च आणि धान्याची उंच पांढरी कोठारं. आणखी वायव्येला ढगाचा तळ काळा, खाली लोंबलेला आणि संथपणे फिरणारा. रेडिओवर ट्रेंट सगळ्यांना सांगत होता, की वादळ ईशान्येला सरकतंय, टॉलीच्या बऱ्याच उत्तरेकडून जाईल, सगळ्यांनी उत्तरेच्या हमरस्त्यावर जा. गाड्या तिकडे गेल्या.

लव्हीटा हलली नाही. सोंड उतरली, जमिनीवरची धूळ उठली. तिनं तारेच्या कुंपणाचा एक खांब नजरेत धरला. वादळ ईशान्येला चाललं असेल तर धूळ खांबाच्या उजवीकडे पळत सुटायला हवी होती. ती हळूहळू सरकत खांबाशी आली आणि तिथेच थांबली. सरकेना, नुसती मोठी होत गेली. जे सरकत नाही आणि मोठं होतं, ते आपल्याकडेच येत असतं. आणि आपल्या पाठीमागे टॉली.

तिनं बटण दाबलं. "लव्हीटा उनरू बोलतेय. टॉर्नेडो जमिनीवर. तो आपल्या वाटेवरून उजवीकडे, आग्नेयेला वळलाय. टॉलीवर येतोय."

थोडी खरखर. मग ट्रेंट. "मिसेस उनरू, तुम्ही यादीवर नाही आहात. चॅनेल मोकळा ठेवा."

"नाही ठेवणार. लिहून घे." तिनं यंत्राच्या कोपऱ्यातले आकडे वाचले, एकेक, टपालाच्या पत्त्यासारखे. "मी इथं उभी आहे. माझ्यापासून वायव्येला, अडीच-तीन मैलांवर. टॉलीचा भोंगा वाजव."

"रडारवर तसं दिसत नाही."

"तुझं रडार चार मिनिटांपूर्वीचं सांगतंय. मी आत्ताचं सांगतेय. ट्रेंट, माझं चुकलं तर उद्या माझं लायसन्स घे, रेडिओ घे, साप्ताहिकात फोटो छाप. पण भोंगा वाजव!"

तिनं आकडे पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा वाचत असताना तिच्या पाठीमागून, वाऱ्यावर तुटत तुटत, टॉलीचा भोंगा ऐकू आला.

आता तिला निघायला हवं होतं. यंत्रानं दक्षिणेचा सर्वांत जवळचा रस्ता दाखवला, तुटक रेघेचा. त्यावर तिचीच पिवळी खूण होती. एप्रिलभर पाऊस झालेला. "तू गप," ती त्या मुक्या यंत्राला म्हणाली आणि पुढचा खडीचा रस्ता गाठायला वादळाच्या दिशेनं, बरोबर पश्चिमेला, अर्धा मैल गेली. त्या अर्ध्या मैलात ती जेवढी घाबरली तेवढी आयुष्यात कधी घाबरली नव्हती. समोर सगळं आभाळ फिरत होतं आणि मालगाडीसारखा आवाज जमिनीतून वर येत होता. मग खडीचा रस्ता आला. तिनं डावीकडे गाडी मारली आणि दक्षिणेला सुसाट सुटली. आरशात बघितलं नाही.

टॉलीच्या लोकांना नऊ मिनिटं मिळाली. कोठारांतलं एक आडवं झालं, चर्चचं छप्पर गेलं, अकरा घरांचं नुसतं जोतं उरलं. एका म्हाताऱ्याचा हात मोडला. माणूस एकही गेला नाही. सगळी तळघरांत होती.

पुढच्या गुरुवारी अग्निशमन ठाण्यात पथकाची बैठक भरली. लव्हीटा गेली. ट्रेंटनं तिच्यापुढे एक कागद सरकवला. प्रमुखाच्या परवानगीशिवाय बाहेर पडणार नाही, असं त्यावर होतं. सही केली की नाव परत यादीत.

"भोंगा तू वाजवलास," लव्हीटा म्हणाली. "त्याबद्दल तुला मानते मी. पण हा कागद घेऊन जा."

"सगळ्यांनीच सह्या केल्यात, मिसेस उनरू."

"मग सगळ्यांनी तुझ्या सांगण्यावरून उत्तरेला गाड्याही नेल्या होत्या."

ट्रेंटनं कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मी चुकलो होतो," तो हळू म्हणाला. "पुढच्या वेळी तुम्ही चुकाल तर?"

"तर चुकेन. माझ्या डोळ्यांनी चुकेन."

ती उठली, भिंतीवरच्या फळ्याशी गेली आणि पथकातल्या नावांच्या खाली खडूनं आपलं नाव लिहिलं. कलत्या कंबरेमुळे अक्षरंही जराशी उतरती आली. मग यंत्र टेबलावर ठेवून म्हणाली, "चारशे चोवीस खुणा आहेत यात. ज्याला हव्यात त्यानं उतरवून घ्याव्यात. पण नुसत्या उतरवून चालायचं नाही. रविवारी प्रार्थनेनंतर माझ्या दाराशी या. गाडी तुम्ही चालवायची आणि प्रत्येक लाल खुणेशी उतरून पूल नाही हे स्वतः बघायचं."

पहिल्या रविवारी दोघं आले. दुसऱ्या रविवारी पाच, त्यांत ट्रेंट. त्याला तिनं सर्वांत वाईट चिकणमातीच्या रस्त्यावर पाठवलं, आदल्या दिवशी पाऊस झालेला असताना, आणि तो रुतल्यावर ऑर्लिनला ट्रॅक्टर आणायची मुळीच घाई करू दिली नाही.

फळ्यावरचं नाव कुणी पुसलं नाही. त्या वर्षी ती आणखी अकरा वेळा बाहेर पडली. नऊ वेळा नुसता चिखल आणि धुळीचं तोंड घेऊन परत आली, आणि दर वेळी ऑर्लिननं विचारलं, "मग? काय मिळालं?"

"आभाळ," ती म्हणायची, आणि बूट दाराबाहेर काढायची.