गुडवाइगआत्याच्या चेरीवरचं छत

माझी गुडवाइगआत्या हार्डांगर फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या काठी, उतारावरच्या चेरीच्या बागेची मालकीण. पावसाची तक्रार आमच्याकडे कुणी करत नाही. पण जुलैच्या अखेरीला फळ रसानं टच्च भरलं, की तोच पाऊस वैरी होतो. पाणी फळावर साचतं, साल तडकते आणि अख्खा उन्हाळा झाडावरच सडतो.

अशाच एका साली तडकलेल्या चेरीचा जॅम ढवळता ढवळता आत्या थांबली आणि मला म्हणाली,

"तोर्दिस, पुरे झाला जॅम. पुढच्या साली झाडांवर छत घालायचं."

वसंतात तिनं ओळीओळींत खांब रोवले, तारा ताणल्या. फळांना रंग चढू लागला तसं आम्ही दोघींनी वरून प्लास्टिक चढवून दोऱ्यांनी घट्ट आवळलं, दोन्ही बाजूंना घराच्या छपरासारखं उतरतं. शेजारचा ऑडमुंड कुंपणाला टेकून मजा बघत होता.

"काय गं, झाडांना सर्दी होते का?"

"झाडांना नाही रे, चेरीला होते. तुझ्या तर गेल्या साली शिंकून शिंकून फुटल्या!"

ऑडमुंड हसत आपल्या बागेत परतला. पण त्याची पाळी लवकरच आली. फ्योर्डवरून असा वारा सुटला, की ते प्लास्टिक टराटरा फाटलं. सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "गुडवाइग, तुझं छत माझ्या अंगणात झोपलंय. उठवून ने!"

गावभर हसं झालं. पुढं पाऊस आला आणि फळंही गेली. आत्या मात्र एक फाटका तुकडा मांडीवर घेऊन त्याच्या कडा चाचपत बसली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, बोटींची शिडं शिवायचे.

"बाबा म्हणायचे, वाऱ्याला वाट दिली नाही तर तो स्वतः करून घेतो," ती म्हणाली. "मी ह्याला जखडून टाकलं, तिथंच चुकलं."

दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं दोऱ्यांच्या जागी ताणली जाणारी रबरी दोरी लावली आणि छताच्या माथ्यावर, कडा एकमेकींवर चढवून, वारा निसटायला फट ठेवली. फळ पिकलं आणि पाऊस लागला, तो थांबेचना. त्यातच भर दुपारी वारा उठला. प्लास्टिक फुगलं, वर उचललं गेलं, वारा फटीतून निघून गेला आणि छत पुन्हा जागेवर बसलं. शेवटच्या ओळीची दोरी तेवढी सुटली. आत्या शिडीवर चढली, पण कडा हाताला येईना. तेवढ्यात ऑडमुंड कुंपण ओलांडून धावला आणि त्यानं कडा दोन्ही हातांनी खाली ओढून धरली. त्याची स्वतःची चेरी आदल्याच दिवशी तडकली होती.

"बांध लवकर!" तो ओरडला. "निदान एका बागेतली चेरी तरी वाचू दे!"

आत्यानं दोरी अडकवली.

पाऊस ओसरल्यावर आम्ही तोडणीला लागलो. काळपट लाल, घट्ट, चकचकीत फळं! ऑडमुंडनं एक तोंडात टाकलं, बी थुंकली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"खांब किती खोल रोवलेस गं?"

"कुदळ घेऊन ये, दाखवते. आणि हसायचं राहिलं असेल तर आत्ताच हसून घे. खड्डे खणताना दम पुरत नाही."

आता फेरीबोटीतून पाहिलं तर सगळा उतार छतांनी चमकतो. शेजारी कुणीही बसलेलं असो, मी बोट दाखवून सांगतेच, "त्यातलं पहिलं माझ्या आत्यानं घातलं."