चढावावरची पोरगी

सकाळी आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज आणि जपानी भाषा एकदमच ऐकू येतात. भाकरी महानंदाअक्का थापतात. त्या माझ्या नणंद, शिवपुत्रांच्या थोरल्या बहीण. जपानी माझ्या लेकीच्या, अपेक्षाच्या मोबाइलमधून येते.

अक्कांचं सासर टेंभुर्णीचं. त्यांच्या यजमानांच्या मोटारसायकलला हायवेवर उसाच्या ट्रॉलीनं उडवलं, ते जागीच गेले, तेव्हा अपेक्षा पाळण्यात होती. शिवपुत्र जाऊन बहिणीला घेऊन आले. त्यानंतर अक्का एकट्या अशा कुठं गेल्याच नाहीत. कुणी बंदी घातली नव्हती. त्या चप्पल शोधायला लागल्या की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "थांबा की, मी सोडतो." बहुतेक वेळा मीच म्हणायची. अपघात त्यांच्या घरात झाला आणि भीती माझ्या अंगात राहिली, असं काहीसं झालं. अपेक्षाची सायकल मी आठवीतच बंद केली. तिच्या क्लासला रिक्षा लावली आहे. सायकल मागच्या बोळात पोत्याखाली उभी असते.

लिंगपूजा झाली की अक्का कपाळावरची विभूती वाळायच्या आत पिठात हात घालतात. त्यांच्या कडक भाकऱ्या नव्या पेठेतल्या जोतीरामच्या खानावळीत जातात. शिवपुत्र कापडाच्या दुकानात जाताना पिशवी स्कूटरला अडकवून नेतात. भाकरीला सगळं शहर फिरून येता येतं, असं अक्का एकदा हसत म्हणाल्या होत्या. मीही हसले होते.

ती कार्टूनची मालिका अपेक्षानं आणली. जपानमधल्या शाळकरी पोरांच्या सायकल शर्यतींची. क्लासला जायच्या आधी ती मोबाइल पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवायची. अक्कांची पाठ मोबाइलकडं, तोंड गॅसकडं, हात पिठात. म्हणून खालची इंग्रजी अक्षरं वाचून अपेक्षा त्यांना मराठीत सांगायची.

"अजून चढतायत व्हय गं?" अक्का विचारायच्या. "काल मी शंभर भाकऱ्या केल्या, भांडी घासली, झोपून उठले. ही अजून त्याच डोंगरावर?"

"आत्या, आता थोडंच राहिलंय."

"दम लागलाय म्हनतात आनि बोलत्यात किती! गप चढावं की. आनि आता ह्याला लहानपण कशाला आठवतंय मधेच? पडंल न्हवं!"

पण एक भाग चुकवायच्या नाहीत. शर्यतीत एक जण पुढं राहून वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशानं जातो, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. पुढं राहणारा शेवटी दमून गळतो आणि मागचा जिंकतो. जिंकणाऱ्याबद्दल अक्का फारसं बोलायच्या नाहीत.

"त्या गळालेल्याला कुनी पानी दिलं का? तो घरी कसा गेला?"

"ते दाखवत नाहीत, आत्या."

"दाखवाया पायजे."

एकदा शेवटच्या चढाची चुरस इतकी रंगली की अक्कांचे हात भराभर चालले आणि भाकऱ्या कागदासारख्या झाल्या. दुसऱ्या दिवशी जोतीरामचा फोन. "अक्का, कालच्या भाकरीतून मला समोरचं दुकान दिसत होतं की!" तेव्हापासून चढ असला की अक्का आधी थापून घेतात, मग भाकऱ्या तव्याभोवती कडक व्हायला लावतात, आणि मगच अपेक्षाला "लाव आता" म्हणतात.

त्या मालिकेत चढावर सगळ्यांना मागं टाकणारं एक बारीक चणीचं पोर आहे. चष्मा घालणारं, बावरलेलं. त्याचा आवाज पातळ. जपानी मालिकांत लहान मुलांचे आवाज बऱ्याचदा बायका काढतात, असं अपेक्षा सांगते. अक्का आवाजावरच सगळी माणसं ओळखायच्या. मान वळवून कधी पाहिलं तरी त्यांना हेल्मेट आणि लांब पापण्या दिसायच्या, आणि तसे डोळे त्या मालिकेत सगळ्यांनाच आहेत. म्हणून एक दिवस त्या कौतुकानं म्हणाल्या, "ही पोरगी लई भारी हाय. एवढ्या बाप्यांत एकटी. हिच्या आईनं सोडली कशी?"

अपेक्षानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, सांगून टाक म्हणून. ती अक्कांना म्हणाली, "आई सोडते तिची. घाबरते, पण सोडते."

नंतर मी तिला बाजूला घेतलं. "खोटं कशाला बोललीस?"

"आत्याला ती मुलगी वाटते, तर वाटू दे ना. कुणाचं काय जातंय?"

मग मीही गप्प बसले. सकाळी अक्कांचा चेहरा पाहिला की सांगावंसं वाटत नव्हतं. "आज आपली पोरगी कितवी?" असं विचारत त्या पीठ चाळायला घ्यायच्या.

एका रविवारी अक्कांनी बोळातलं पोतं काढलं. सायकल पुसली, चाकांत हवा भरून आणवली. अपेक्षाला म्हणाल्या, "मला शिकीव."

दोघी रोज दुपारी बोळात. अक्का पदर खोचून बसायच्या, अपेक्षा धरायची. मी खिडकीतून बघायची आणि बघवायचं नाही म्हणून आत यायची आणि पुन्हा जायची. अक्का दोनदा भिंतीला घासल्या, एकदा मायाक्काच्या धुण्यावर गेल्या. मायाक्का आमची शेजारीण. ती ओरडली, "महानंदाक्का, माझी साडी घेऊन कुटं निघाला?"

"टेंभुर्णीला!" अक्का म्हणाल्या, आणि दोघी हसत बसल्या. टेंभुर्णीचं नाव अक्कांच्या तोंडून असं सहज आलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं ट्रॉलीच आली.

पुढच्या आठवड्यात त्या जेवताना शिवपुत्रांना म्हणाल्या, "उद्यापास्नं भाकऱ्या मी नेते. नव्या पेठेत."

"कशानं?"

"सायकलनं."

शिवपुत्रांनी घास खाली ठेवला. ते वाईट माणूस नाहीत. बहिणीला काही कमी पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. पण म्हणाले, "अक्का, नव्या पेठेत चालायला जागा न्हाय, तू सायकल घेऊन जाणार? आनि लोक मला विचारतील, सिद्धलिंगप्पांच्या लेकीला भावानं रस्त्यावर काढली काय म्हनून. उद्या हेल्मेट घालून भाकरी थापशील!"

"ती पोरगी डोंगर चढती. मी पेठेत जाऊ नको?"

"कोण पोरगी?"

अक्कांनी अपेक्षाला मोबाइल लावायला सांगितला. अपेक्षा जागची हलेना. तेव्हा शिवपुत्रांनी स्वतःच तो उचलला, लावला, बघितला. आणि हसत, अगदी सहज म्हणाले, "अक्का, हे पोरगं हाय गं. हे बघ, पोरांच्या शाळेचा संघ हाय. सगळी पोरंच हायत ह्यात."

अक्कांनी मोबाइल हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. मग अपेक्षाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझी मान खाली गेली होती, त्यावरून मलाही ठाऊक होतं हे त्यांना कळलं.

"व्हय, पोरगाच हाय," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकऱ्या केल्या, पण मोबाइल लावू दिला नाही. शिवपुत्रांना वाटलं, विषय संपला. त्यांनी पिशवी मागितली. अक्का म्हणाल्या, "व्हायच्यात अजून. तू हो पुढं."

अपेक्षाही रिक्षानं गेली. मग अक्कांनी पिशवी हँडलला अडकवली आणि मला हाक मारली. "महेश्वरी, चल. मोठ्या रस्त्यापातूर धर नुसती. तितनं मी जाते."

"अक्का, तुम्हाला सांगायला हवं होतं मी."

"पोरगा तर पोरगा. मी काय त्याच्या जिवावर शिकले व्हय? धर."

मी मागून कॅरिअर धरलं. बोळात त्या नीट चालवत होत्या. हँडल फारसं डगमगत नव्हतं. मला पळावं लागत होतं. बोळ संपला, मोठा रस्ता आला. त्यांनी ब्रेक दाबून पाय टेकला आणि दोन्हीकडं पाहिलं.

"सोड आता."

"ट्रक येतोय, अक्का."

ट्रक गेला. "सोड."

"मागून रिक्षा आहे."

"रिक्षा दिवसभर येनारच की."

"बस जाऊ द्या एवढी."

बस गेली. मग थोडा वेळ रस्ता खरंच मोकळा होता. पलीकडच्या रसवंतीवाल्याचं घुंगरू वाजत होतं, तेवढंच. अक्कांनी पायडलवर पाय ठेवला, जोर लावला. सायकल हलली नाही. त्यांनी मागं वळून माझ्या हाताकडं पाहिलं. मी बोटं सोडवायचा प्रयत्न करत होते, हे मी शपथेवर सांगते. मला टेंभुर्णी दिसत होती, आणि सीटवर अक्कांच्या जागी अपेक्षा दिसत होती.

"तुला जमत न्हाय गं," अक्का म्हणाल्या. रागानं नाही. ताप आलेल्या पोराशी बोलावं तसं.

त्या खाली उतरल्या. हँडलची पिशवी काढून माझ्याकडं दिली. "शिवपुत्राला फोन कर. म्हनावं, येऊन घेऊन जा."

मी एका हातानं पिशवी घेतली. दुसऱ्या हातानं कॅरिअर अजून धरलेलंच होतं.