बायनाबाईनं झाडून काढलेली टेकडी

बायनाबाई माझी सासू. आमी तिला आत्या म्हणतो. नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव, आन् गावाच्या डोक्यावर गायरानाची टेकडी. बावीस एकर. सोळा वर्षांमागं तिथं नुसता मुरूम व्हता. आज लिंब हाय, पळस हाय, हिवर हाय, शिताफळी तर मोजायची सोय न्हाई. सरकारनं लावलेली रोपं वाळाय लागली तवा या बाईनं डोक्यावर हंडे नेऊन जगवली. एकटीनं. कुणाची शेळी आत शिरली की अशा शिव्या हासडायची की शेळीसंगं मालकबी पळायचा. नवी नवरी व्हते तवा मला तिची लई लाज वाटायची.

यंदा सरपंच सुंदररावांनी टेकडी खडी क्रशरवाल्याला द्यायचं काढलं. डोंगर फोडायचा आन् खडी करायची. आत्या दोन दिवस जेवली न्हाई. तेवढ्यात केजहून एका संस्थेची पोरगी आली, वैष्णवी नावाची. म्हणली, झाडं आन् माती हवेतला कार्बन धरून ठेवतात, त्यासाठी संस्था गावाशी तीस वर्षांचा करार करील, मग टेकडीला कुणी हात लावू शकणार न्हाई.

"काकू, करार झाला तर टेकडी वाचली," सुंदरराव म्हणले. "न्हाई झाला तर माझा इलाज न्हाई."

जीपमधी बसता बसता वैष्णवी म्हणली, "सोमवारी आमचे साहेब माती बघायला येतील."

बस, एवढंच. आत्याच्या डोक्यात तेच बसलं.

"रोहिणे, माती बघायला येणारेत. आन् वर तर गुडघाभर पाला. माती दिसंल कशी गं?"

खरं सांगते, मलाबी पटलं. पोरीला बघायला पाहुणे येणार म्हणल्यावर आपण अंगणात केर ठेवतो व्हय?

गल्लीतल्या नऊ बायका गोळा केल्या. चार दिवस खराटे चालले. वरचा पाला ओढला तर खाली काळं, ओलं, भुसभुशीत निघालं, गांडुळं वळवळत व्हती. "हे कुजलंय आत्या, वास मारंल," मीच म्हणले. मीच! तेबी फावड्यानं खरवडलं, उन्हात वाळवलं, पाल्यात घालून ढिगाला काडी लावली. रविवारी झाडाखाली शेणाचा सडा टाकला. वाटेवर रांगोळी काढली. आत्या कंबरेवर हात ठेवून टेकडीकडं बघत म्हणली, "आता कोण नाव ठेवतंय बघू." सोळा वर्षांत एवढी खुश मी तिला कधी बघितली नव्हती.

सोमवारी साहेब उतरले आन् जागीच उभे राहिले. वैष्णवीनं तोंडावर हात ठेवला.

"काकू, हे काय केलं तुम्ही?"

"साफ केलं की, बाई. तुमी येणार म्हणून."

"अहो, पाला कुजून जी काळी माती होते ना, कार्बन तिच्यातच असतो. तीच तर मोजायला आलो होतो. आणि तुम्ही ती जाळलीत."

आत्याला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. ती खाली बसली आन् दोन्ही हातांनी राख उकरायला लागली, जणू खाली काही शिल्लक असंल.

"परत पसरते साहेब! गावातला सगळा पाला आणते. आठ दिवस द्या. झाडं तर हाईत की उभी, ती मोजा!"

तिनं साहेबाचे पाय धरले. साहेब मागं सरला. माणूस वाईट नव्हता, त्याचेबी डोळे भरले व्हते. पण संस्थेचा नियम असा की नुसत्या झाडांवर करार होत न्हाई, आन् जाळलेली जमीन पाच वर्षं घेता येत न्हाई. "पाच वर्षांनी बघू, आजी," म्हणला. पाच वर्षांनी काय बघणार, खड्डा?

मी वैष्णवीवर खेकसले, "माती बघायला येतील म्हणलीस, तर 'पाल्याला हात लावू नका' एवढं म्हणायला जीभ झडली व्हती का गं?" ती पोरगी रडायला लागली. तिला रडवून मला काय मिळालं? राखेचं पुन्हा पान व्हणार व्हतं का?

आठ दिवसांनी शाळेत ग्रामसभा भरली. आदल्या दिवशीच क्रशरवाल्यानं गावातल्या बारा जणांना कामावर घेतो म्हणून सांगितलं व्हतं. त्यात आमचे मालक, म्हणजे आत्याचाच लेक, डंपरवर. तीन वर्षं ते रिकामे बसून व्हते.

सुंदररावांनी ठराव वाचला. "कुणाची हरकत असंल तर हात वर करा."

आत्याचा एकटीचा हात वर गेला. तिनं मागं वळून त्या नऊ बायकांकडं बघितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग तिनं माझ्याकडं बघितलं. माझा हात मांडीवरच राहिला. लई जड झाला व्हता, देवाशपथ, पण मी तो उचलला न्हाई.

आत्या माझ्याकडं बघत राहिली. मग शेजारी बसलेल्या लेकाकडं बघितलं. तिनं हळूच हात खाली घेतला.

"लिवा सुंदरराव," ती म्हणली, "बायनाबाईची हरकत न्हाई."

आन् त्यांनी लिवून घेतलं.