काड्या किती ओढल्या

आमच्या भागात रॉकेलचे हीटर दुरुस्त करणारे तिघे होते. दोघे झटपट काम उरकायचे. तिसरा फार वेळ लावायचा, आणि त्याला पाठीमागे सगळे भागूबाई म्हणत. उंच, हाडकुळा, भरघोस मिशांचा माणूस. पण रॉकेलला इतका भ्यायचा की बाकीचे दोघे म्हणत, हा काडी ओढण्याआधी मृत्युपत्र करतो आणि घरी चहासुद्धा गार करून पितो. थट्टा त्याच्या कानावर जायची. तो म्हणायचा, "खरं आहे. भीती मला आईच्या पोटातून मिळाली. बाकीचं सगळं थोरल्या भावाने नेलं."

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्याबद्दल मला एवढी एकच गोष्ट नीट माहीत आहे, आणि तिच्यात माझी बाजू वाईट आहे.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. आल्या आल्या हीटरला हात लावायचा नाही. आधी सगळ्या खिडक्या उघडायचा. मग रॉकेल आणणारी तांब्याची नळी बर्नरजवळ सोडवून तिच्याखाली काचेचा पेला धरायचा, आणि घड्याळ पुढ्यात ठेवून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायचा. थेंब कमी पडले की तिथून मागे मागे जायचा. आधी व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग नळी, शेवटी बाहेरची टाकी. आणि घरच्यांना एकच प्रश्न तीनदा विचारायचा: हीटर विझल्यावर काड्या किती ओढल्या? एकदा आल्यावर, एकदा काम चालू असताना, आणि एकदा पेटती काडी हातात धरून. लोक वय आणि काड्या खऱ्या सांगत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

ही गोष्ट त्याच्या आधीच्या एका हिवाळ्याची. त्या वर्षी थंडी हाडं फोडणारी होती. आमची लेक तिच्या अकरा दिवसांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे होती. मुलगी वजनाला कमी भरली होती, आणि खोली गार होऊ देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढच्या खोलीत हीटर, आणि मधल्या भिंतीला लागून पलीकडे तिचा पाळणा.

हीटर सकाळपासून दगा देत होता. तासभर नीट जळायचा, मग ज्योत बसकी व्हायची, पिवळी पडायची आणि विझायची. बायकोने याच मिस्त्रीला फोन केला आणि मला बजावलं, "तो येईपर्यंत तुम्ही हात लावू नका." मग ती आत गेली.

भिंतीपलीकडून नातीचं रडणं येत होतं. माझ्याने बसवेना. बाहेर जाऊन टाकीचं झाकण उघडलं, काठी घालून पाहिली. रॉकेल अर्ध्याच्या वर. टाकी भरलेली आणि खाली थेंब नाही, हे मला कळेना. मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि कागदाचा बोळा पेटवून बर्नरच्या भांड्यात टाकला. तो फुरफुरला आणि विझला. पुन्हा बाहेर, पुन्हा झाकण, पुन्हा बोळा. असं सात वेळा केलं. धुराच्या वासाने बायको बाहेर आली आणि म्हणाली, "हात लावलात ना?" मी म्हटलं, एकदोनदा पाहिलं फक्त.

मिस्त्री आला, खिडक्या उघडल्या आणि पहिल्यांदा विचारलं. बायको शेजारीच उभी होती. मी म्हटलं, दोनदा.

त्याने थेंब मोजले. पहिल्या मिनिटाला चाळीस, मग पंचवीस, मग नऊ. गाळणीत चिमूटभर गाळ होता, तो त्याने धुतला. फरक पडला नाही. म्हणाला, गाळाने अडलं असतं तर पहिल्यापासून कमी आलं असतं. हे हळूहळू थांबतंय, म्हणजे वरून कोणीतरी गळा धरलाय. तो बाहेर टाकीकडे गेला, आणि झाकण पाहून नुसता हसला. झाकणाला हवा आत जायला एक बारीक छिद्र असतं. टाकीत पाणी जाऊ नये म्हणून मीच महिन्यापूर्वी झाकणावर प्लास्टिक घालून वरून सुतळी करकचून आवळली होती. काठी घालताना मी ती सोडायचो आणि लगेच पुन्हा तशीच बांधायचो. त्याने सुतळी कापली, तसा टाकीने आत श्वास ओढल्याचा आवाज आला. वरून हवा गेली नाही तर खालून रॉकेल कसं येणार, असं त्याने समजावलं. पालथी बाटली गचके खात रिकामी होते, तसंच हे. झाकण उघडलं की साठलेलं एकदम खाली धावतं.

हे ऐकून मी मनात हिशोब केला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून मी सात वेळा झाकण उघडलं होतं.

त्याने दुसऱ्यांदा विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, दोनदाच म्हणाले ते. मी मान हलवली. का हलवली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तेव्हा मला आगीपेक्षा तिचं भय जास्त वाटलं असावं.

त्याने भांडं फडक्याने पुसलं. फडकं थोडं ओलं झालं, दोन काड्यांच्या हिशोबाने व्हायला हवं तितकंच. पेटवताना तो नेहमी घर रिकामं करायला लावायचा. तसं म्हणालाही. बायको तयार होईना. दोन काड्यांपायी एवढ्याशा जिवाला कडाक्याच्या थंडीत बाहेर काढू का, असं तिने विचारलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ठीक आहे म्हणाला. त्याने ऐकलं, कारण आकडा दोन होता.

मग तो हीटरसमोर उकिडवा बसला. एका हातात कागदाचा बोळा, दुसऱ्या हातात पेटलेली काडी.

"भाऊ, शेवटचं विचारतो. काड्या किती?"

ज्योत त्याच्या बोटांपर्यंत येत होती. आत लेक बाळाशी काहीतरी गुणगुणत होती.

"सात," मी म्हटलं. "आणि दर वेळी झाकण उघडलं होतं."

त्याने काडी फुंकली नाही, टाकली नाही. मुठीत दाबून धरली, मूठ तशीच आवळून उठला, अंगणात गेला आणि तिथे उघडली. परत आल्यावर अगदी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, बाळाला घ्या आणि निघा. दुलई राहू दे."

बायकोने माझ्याकडे एकदाच पाहिलं. दोघी शेजाऱ्यांकडे गेल्या, नात बायकोच्या पदराखाली.

भांड्याच्या बाजूंना अगदी तळापासून हवेची बारीक भोकं असतात. रॉकेल जास्त आलं की ते त्यातून बाहेरच्या पत्र्याच्या पेटीत उतरतं आणि वरून दिसत नाही. मिस्त्रीने पेटीचं खालचं झाकण काढलं. फडकी पिळून पिळून त्याने दोन लिटरचा डबा गळ्यापर्यंत भरला. ते सगळं पाळण्यापासून हातभर अंतरावर साठून होतं.

काम झाल्यावर तो पायरीवर बसला. मी पाणी दिलं, तर पेला त्याच्या दातांवर वाजला. तळहातावर पांढरा फोड आला होता. मी माफी मागायला लागलो. त्याला ती ऐकू आली की नाही, कोण जाणे.

"मी बोळा टाकणार होतो," तो म्हणाला. "तुमचं दोन मला पटलं होतं."

त्या दिवशी त्याने हीटर पेटवला नाही. पेटी सुकायला हवी, म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला, सगळं हाताने चाचपलं, थेंब मोजले. मिनिटाला चाळीस, आणि पाव तासाने पुन्हा चाळीस. मला रस्त्यापलीकडे उभं करून त्याने एकट्याने पेटवला. बराच वेळ दार बंदच राहिलं. मग त्याने ते उघडलं आणि मला हात केला. ज्योत निळी होती, सगळीकडून सारखी.

मी लेकीला बोलवायला शेजारी गेलो. ती बाळाला घेऊन आमच्या उंबऱ्यापर्यंत आली, हीटरकडे पाहत उभी राहिली, आणि आत पाऊल टाकेना. आईने समजावलं. मीही काहीतरी म्हणालो.

"आज नको, बाबा," ती म्हणाली. "उद्या बघू."

मला वाटलं, मिस्त्रीला वाईट वाटेल. तो म्हणाला, पोरीचं बरोबर आहे. मग त्याने पिशवी खाली ठेवली, स्टूल हीटरजवळ ओढलं आणि घड्याळ मांडीवर घेऊन बसला. त्याची आणखी दोन कामं खोळंबली होती, हे मला माहीत होतं. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं त्या ज्योतीकडे पाहत होतो. घर हळूहळू ऊबदार होत होतं, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.